बारीक अंगातली चरबी : कुत्र्याच्या लघवीपासून पुण्याच्या बाळांपर्यंत एका प्रश्नाचा इतिहास

नेट, सेट किंवा पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी करताना ‘लिपिड मेटाबोलिझम’ हा धडा आपण सगळे साधारण एकाच पद्धतीने करतो. बीटा ऑक्सिडेशनच्या चार पायऱ्या पाठ, पामिटिक ॲसिडमधून किती एटीपी निघतात तो आकडा पाठ, इन्सुलिन काय करतं आणि ग्लुकागॉन काय करतं याचा तक्ता पाठ. लेखी परीक्षेत एवढ्यावर भागतं. पण मुलाखतीत समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, “हे कळलं कसं?” की गाडी तिथेच अडते.

आजचा लेख त्या ‘कसं’बद्दल आहे. शरीर चरबी कशी मोडतं, कशी बनवतं आणि या दोन्हींवर लगाम कसा ठेवतं, हे कोणी कोणत्या प्रयोगातून शोधलं ते आधी बघू. मग पुण्याला आणि मुंबईला येऊ. कारण या इतिहासाचा एक महत्त्वाचा भाग आपल्याकडे घडलाय, आणि पाठ्यपुस्तकात तो क्वचितच असतो. दहिसरच्या कुठल्याही इमारतीत एक गृहस्थ हमखास सापडतात : हातापायांनी बारीक, वजनाचा काटा ‘नॉर्मल’ सांगणारा, पोट मात्र थोडं पुढे, आणि चाळिशीच्या आतच मधुमेहाची गोळी सुरू. जुनं पुस्तक म्हणतं की टाइप २ मधुमेह हा लठ्ठ माणसांचा आजार. मग हे गृहस्थ पुस्तकात बसत का नाहीत? हा प्रश्न शेवटपर्यंत सोबत ठेवा.

साबण, हंस आणि डुकरं

चरबी म्हणजे रासायनिकदृष्ट्या काय, याचं पहिलं नीट उत्तर साबणातून आलं. मिशेल शेव्रूल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने चरबी अल्कलीबरोबर उकळून तिचे दोन भाग वेगळे केले : ग्लिसरॉल आणि फॅटी ॲसिड. त्याचं पुस्तक १८२३ सालचं. ट्रायग्लिसराइड म्हणून जी आकृती आपण काढतो, ग्लिसरॉलची छोटी दांडी आणि तिला लटकलेल्या तीन लांब शेपट्या, तिचं मूळ इथे आहे.

पुढचा प्रश्न आपल्या घरात रोज निघतो : भात खाऊन चरबी वाढते का? १८४०च्या दशकात यावर युरोपात जोरदार वाद झाला. ड्युमा आणि बुसँगो या फ्रेंच शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की चरबी फक्त वनस्पती बनवतात, प्राणी ती खातात आणि साठवतात. जर्मनीचा लिबिग म्हणत होता की स्टार्च आणि साखरेपासून प्राणीही चरबी बनवतात. हा वाद तत्त्वज्ञानाने मिटला नाही, वाण्याच्या हिशोबाने मिटला. प्राण्याला किती चरबी खाऊ घातली आणि त्याच्या अंगात किती वाढली, एवढंच मोजायचं. मका खाणाऱ्या हंसांवर असे प्रयोग झाले. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड इथे लॉझ आणि गिल्बर्ट यांनी डुकरांवर केले. खाण्यातून गेलेल्या चरबीपेक्षा अंगात साठलेली चरबी कितीतरी जास्त निघाली. म्हणजे वरची चरबी प्राण्याने स्वतः बनवली होती. लिबिग बरोबर ठरला.

इथली पद्धत लक्षात ठेवा. आत काय चाललंय हे अजिबात माहीत नसतानाही, आत गेलेलं आणि जमा झालेलं यांचा ताळेबंद नीट मांडला तर मोठा निष्कर्ष काढता येतो.

क्नूपची खूण

आता मोडण्याकडे वळू. सोळा कार्बनची साखळी शरीर कशी तोडतं? एकदम? टोकाकडून एकेक? मधूनच? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आत डोकावायला काही साधन नव्हतं. फ्रान्झ क्नूपने १९०४ साली एक साधी युक्ती केली. फॅटी ॲसिडच्या शेपटीच्या टोकाला त्याने बेंझीनचं कडं जोडलं. हे कडं प्राण्याच्या शरीराला सहज मोडता येत नाही, त्यामुळे साखळी कितीही कापली गेली तरी उरलेला तुकडा कड्यासकट लघवीत सापडणार. अशी खूण लावलेली फॅटी ॲसिड्स त्याने कुत्र्यांना खाऊ घातली आणि लघवी तपासली.

शेपटीत विषम संख्येने कार्बन असले की शेवटी उरायचं बेंझोइक ॲसिड, जे ग्लायसीनशी जोडून हिप्युरिक ॲसिड म्हणून बाहेर पडतं. सम संख्या असली की उरायचं फिनाइलॲसेटिक ॲसिड, तेही ग्लायसीनशी जोडलेलं. साखळी कितीही लांब घ्या, उत्तर या दोनांपैकीच एक.

थोडा विचार करून बघा. शरीर एकेक कार्बन कापत असतं तर सम-विषमचा फरक राहिलाच नसता, दोन्हींमधून शेवटी एकच पदार्थ उरला असता. फरक राहतोय, याचा अर्थ दर वेळी दोन-दोन कार्बन तुटतायत, आणि काप बीटा कार्बनपाशी पडतोय. ‘बीटा ऑक्सिडेशन’ हे नाव तिथून आलं. एकही एन्झाइम हातात नसताना, मायटोकॉन्ड्रियाचं काम कोणाला ठाऊक नसताना, फक्त लघवीतल्या दोन पदार्थांवरून क्नूपने यंत्रणा सांगितली. केनेडी आणि लेनिंजर यांनी ही क्रिया मायटोकॉन्ड्रियात होते हे दाखवलं ते १९४८-४९ साली, आणि तुटणारा दोन कार्बनचा तुकडा म्हणजे ॲसिटिल-कोए, हे लायनेनच्या प्रयोगशाळेने सांगितलं १९५१ साली. क्नूपचा तर्क तब्बल चार दशकं पुढे होता.

पण त्यावर एक आक्षेप योग्य होता. बेंझीन जोडलेलं फॅटी ॲसिड हे आपल्या जेवणातलं फॅटी ॲसिड नव्हे. पाहुण्याला घर जशी वागणूक देतं तशीच घरच्या माणसाला देतं, हे कशावरून?

शोएनहायमर आणि वाहती चरबी

या आक्षेपाचं उत्तर मिळालं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. तिथे हॅरल्ड यूरी यांनी १९३१ साली ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, शोधला होता. जर्मनीत नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ साली रुडॉल्फ शोएनहायमर तिथे आले आणि यूरींच्या तालमीत तयार झालेल्या डेव्हिड रिटेनबर्ग यांच्याबरोबर काम करू लागले. फॅटी ॲसिडमधल्या साध्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम बसवला तर शरीराच्या दृष्टीने तो रेणू जवळपास नेहमीचाच, आपल्याला मात्र तो ओळखता येतो. क्नूपला हवी होती तशी, पण पाहुणी न वाटणारी खूण.

खूण लावलेली ही चरबी त्यांनी उंदरांना दिली, आणि जेवण मुद्दाम गरजेपेक्षा कमी ठेवलं. तेव्हाची समजूत अशी की खाल्लेली चरबी लगेच जाळली जाते, आणि अंगातला साठा म्हणजे बँकेतली मुदत ठेव, अडचण आल्याशिवाय तिला हात लागत नाही. उपाशी उंदराने तर खाल्लेलं सगळं लगेच जाळायला हवं. पण १९३५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष उलटा होता. खूण असलेल्या चरबीचा मोठा भाग साठ्यात जाऊन बसला होता आणि जळत होती ती आधीची, साठ्यातली चरबी. साठा मुदत ठेव नव्हता, चालू खातं होता. वजन स्थिर असलेल्या माणसाच्या अंगातही चरबी रोज येते, रोज जाते. बाहेरून दिसणारी स्थिरता म्हणजे आतल्या येण्या-जाण्याची बरोबरी.

माझ्या मते हा सगळ्या जीवरसायनशास्त्रातला सर्वांत महत्त्वाचा धडा आहे, आणि आपण तो एका ओळीत उरकतो. ‘किती आहे’ आणि ‘किती वेगाने येतंय-जातंय’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रक्ताच्या अहवालात ट्रायग्लिसराइडचा आकडा येतो तो पहिल्याचं उत्तर असतो. आजाराचं कारण बरेचदा दुसऱ्यात असतं.

बनवायचा रस्ता वेगळा

मोडण्याची यंत्रणा कळल्यावर बरेच जण मानत होते की बनवणं म्हणजे तीच गाडी उलट चालवणं. पण पेशींच्या अर्कात फॅटी ॲसिड बनवताना एक विचित्र गोष्ट दिसली. बायकार्बोनेट घातल्याशिवाय काम होत नव्हतं. आणि त्या बायकार्बोनेटमधल्या कार्बनला किरणोत्सारी खूण लावली तर तयार झालेल्या फॅटी ॲसिडमध्ये ती सापडतच नव्हती. म्हणजे पाहुणा आल्याशिवाय लग्न लागत नाही, पण फोटोत पाहुणा कुठेच नाही.

सालेह वाकील आणि सहकाऱ्यांनी १९५८ साली हे कोडं सोडवलं. ॲसिटिल-कोएला आधी कार्बन डायऑक्साइड जोडला जातो आणि मॅलोनिल-कोए बनतं, त्यासाठी बायोटिन असलेलं एन्झाइम लागतं. साखळीत जोडणी होताना तोच कार्बन डायऑक्साइड पुन्हा निघून जातो. म्हणून तो लागतो आणि उरत मात्र नाही. चरबी बनते सायटोसोलमध्ये, मोडते मायटोकॉन्ड्रियात. जागा वेगळी, एन्झाइम वेगळी, रस्ताच वेगळा.

दोन रस्ते वेगळे का? कारण मग दोघांवर वेगवेगळी फाटकं लावता येतात. १९७७ साली मॅकगॅरी आणि फॉस्टर यांनी असं फाटक दाखवलं. लांब साखळीच्या फॅटी ॲसिडला मायटोकॉन्ड्रियात शिरायला कार्निटिन लागतं, आणि ते जोडणारं एन्झाइम, कार्निटिन पामिटॉइल ट्रान्सफरेज १, मॅलोनिल-कोएने अडतं. म्हणजे चरबी बनवण्याच्या रस्त्यावरचा पहिला माल हाच जाळण्याच्या रस्त्यावरचा अडसर. आमच्या दहिसर चेकनाक्यासारखं समजा : पलीकडे रस्ता मोकळा असला तरी अडसर खाली असेल तर रांग हायवेवर लांबतच जाणार. जेवणानंतर इन्सुलिन वाढतं, मॅलोनिल-कोए वाढतं, नाका बंद. उपास धरला की इन्सुलिन उतरतं, ग्लुकागॉन चढतं, मॅलोनिल-कोए घटतं, नाका उघडतो आणि यकृतात कीटोन बनायला लागतात.

जाता जाता एटीपीच्या आकड्याबद्दल, कारण हा प्रश्न दर वर्षी विचारला जातो. पामिटिक ॲसिडचे जुन्या पुस्तकात १२९ आणि नव्यात १०६ का? रसायन तेच आहे : सात फेऱ्या, आठ ॲसिटिल-कोए, आणि सुरुवातीला दोन एटीपीचा खर्च. जुना हिशोब एका एनएडीएचला ३ आणि एफएडीएच२ला २ एटीपी धरतो, नवा मोजमापांवरून २.५ आणि १.५ धरतो. आठ ॲसिटिल-कोएचे दहाच्या दराने ८०, सात फेऱ्यांचे चारच्या दराने २८, बेरीज १०८, वजा दोन, १०६. जुन्या दराने ९६ अधिक ३५ वजा २, म्हणजे १२९. दर कोणता धरलाय ते उत्तरात लिहा.

लगाम कोणाच्या हातात

चरबीच्या पेशींतून चरबी सुटते ती मुक्त फॅटी ॲसिडच्या रूपात, अल्ब्युमिनला चिकटून. रक्तात त्यांचं प्रमाण कमी असतं, म्हणून फार काळ त्यांना कोणी महत्त्व दिलं नव्हतं. १९५६ साली डोल आणि गॉर्डन यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की प्रमाण कमी असलं तरी उलाढाल प्रचंड आहे. उपासात ही पातळी वाढते, साखर किंवा इन्सुलिन दिलं की पडते. पुन्हा शोएनहायमरचाच धडा. १९६३ साली रँडल आणि सहकाऱ्यांनी पुढचा दुवा मांडला : स्नायूला फॅटी ॲसिड मुबलक मिळाली तर तो ग्लुकोज कमी वापरतो. चरबी आणि साखर ही दोन वेगळी खाती नाहीत, एकीचा पूर आला की दुसरी तुंबते. १९९४ साली फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिनचं जनुक शोधलं, आणि कळलं की चरबीची पेशी नुसतं गोदाम नाही, ती मेंदूला साठ्याची खबरही पाठवते.

इथपर्यंतचा इतिहास जर्मनी, इंग्लंड आणि अमेरिकेचा. प्राणी उंदीर आणि कुत्रे, आणि माणसं बहुतेक युरोपीय वंशाची. आता दहिसरच्या त्या गृहस्थांकडे येऊ.

पुण्याचं केईएम

मुंबईत ‘केईएम’ म्हटलं की परळ डोळ्यांसमोर येतं. पुण्यातही रास्ता पेठेत एक केईएम रुग्णालय आहे. त्याचं ग्रामीण आरोग्याचं काम डॉ. बानू कोयाजी यांनी उभं केलं. याच रुग्णालयाच्या मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९८०च्या दशकापासून संशोधन सुरू केलं. त्यांच्यासमोर येणारे रुग्ण पुस्तकातल्या चित्रात बसत नव्हते. वय कमी, वजन फार नाही, तरी टाइप २ मधुमेह. बीएमआयच्या भाषेत ते लठ्ठ नव्हते, पण पोटाचा घेर वेगळं सांगत होता. १९९१ साली लंडनच्या साउथॉलमध्ये मॅकीग आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दक्षिण आशियाई लोकांबद्दलही असंच मांडलं होतं : पोटाभोवती चरबी, इन्सुलिनला कमी दाद.

बीएमआयची गोष्टही दोन ओळींत सांगतो. वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या बेल्जियन क्वेतले यांची, तिला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिलं अँसल कीज आणि सहकाऱ्यांनी १९७२ साली. हा आकडा वजन सांगतो. त्या वजनात स्नायू किती, चरबी किती, आणि चरबी कुठे, हे सांगत नाही.

त्याच काळात इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर म्हणत होते की प्रौढपणीच्या हृदयविकाराचं आणि मधुमेहाचं मूळ गर्भातल्या पोषणात असू शकतं. हा विचार तपासायला पुण्यासारखी जागा नव्हती. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू झाली. साउदॅम्प्टनच्या कॅरोलाइन फॉल आणि आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव या कामात होत्या. पद्धत अवघड होती. बाई गरोदर राहिल्यावर नाही, त्याआधीपासूनच नोंदी. लग्न झालेल्या तरुण बायकांची उंची, वजन, आहार, काम, सगळं मोजत राहायचं आणि दिवस गेले की पुढे बाळापर्यंत जायचं.

या आयांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं, बीएमआय १८च्या जवळ. बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. इथपर्यंत कोणाला नवल वाटणार नाही. पण टीमने फक्त वजन केलं नाही. डोकं, लांबी, दंड, पोटाचा घेर, आणि पाठीवर खांद्याच्या हाडाखाली त्वचेची घडी, सगळं मोजलं. साउदॅम्प्टनच्या बाळांच्या तुलनेत पोटाचा घेर, म्हणजे आतल्या अवयवांचा आकार, सर्वांत कमी होता. दंडही बारीक, म्हणजे स्नायू कमी. पण पाठीवरच्या घडीतली तूट सगळ्यांत कमी. बाळाने स्नायू आणि अवयव यांच्यावर काटकसर केली होती, चरबी मात्र जपली होती. हे २००३ साली छापून आलं. बारीक, पण चरबीयुक्त. इंग्रजीत ‘थिन-फॅट’ हे नाव रूढ झालं.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या कामात पुण्यातल्या आणि लंडनच्या गोऱ्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं होतं. पुण्याची बाळं वजनाने लहान, तरी लेप्टिन जवळपास तेवढंच आणि इन्सुलिन जास्त. त्वचेच्या घडीवरून पोटाच्या आतलं कसं कळणार, हा रास्त प्रश्न होता. त्यासाठी लंडनच्या नीना मोदी यांच्या गटाबरोबर नवजात बाळांचं एमआरआय झालं. २००९च्या त्या निबंधातही पुण्याच्या लहान बाळांच्या पोटात चरबी जास्त दिसली.

मग आला तो प्रसिद्ध फोटो. जानेवारी २००४च्या ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन शेजारी-शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय २२.३. डेक्सा यंत्राने मोजलं तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांवरून याला ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ म्हणतात. लेखकांनी विनोदही सोडला नाही : एक मॅरेथॉन धावतो, दुसऱ्याचा व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत गाठणं. हसून झाल्यावर लक्षात येतं की दोन माणसांची तुलना हा पुरावा नव्हे, ते चित्र आहे. पुरावा आधीच्या शेकडो बाळांच्या मोजमापांत आहे. पण कुठलाही तक्ता न करू शकलेलं काम त्या चित्राने केलं : एकच आकडा दोन शरीरांबद्दल किती वेगळं बोलू शकतो, हे दाखवलं.

पुढे भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादा खाली आणली गेली. २००९च्या भारतीय तज्ज्ञांच्या सहमतीनुसार २३पासून जादा वजन आणि २५पासून लठ्ठपणा धरतात. आता मागचा इतिहास इथे जोडून बघा. स्नायू कमी म्हणजे साखर खपवणारं गिऱ्हाईकच कमी. पोटातली चरबी जास्त आणि इन्सुलिनला दाद कमी म्हणजे फॅटी ॲसिड रक्तात सुटत राहणार, यकृतात जाणार, स्नायूला ग्लुकोज नकोसं होणार. डोल, गॉर्डन आणि रँडल यांनी जे मांडलं तेच, फक्त इथे माणूस बाहेरून बारीक दिसतोय. दहिसरचे गृहस्थ पुस्तकात बसत नव्हते, कारण पुस्तक त्यांच्यासारख्यांना मोजून लिहिलेलं नव्हतं.

मग बाळाला कमी काय पडलं?

सोपं उत्तर होतं : अन्न कमी. पण पुण्याच्या अभ्यासात आईने किती कॅलरी आणि किती प्रथिनं खाल्ली याचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध यांच्याशी. आणि कामाशी. शेतातलं आणि घरातलं जास्त कष्टाचं काम करणाऱ्या आयांची बाळं लहान होती. हा मुद्दा जीवरसायनशास्त्राच्या पुस्तकात कधीच येत नाही, पण ऊर्जेच्या हिशोबात बाईच्या डोक्यावरचा हंडाही धरावा लागतो.

२००८ साली आणखी एक गुंता समोर आला. या आयांपैकी बहुसंख्य जणींमध्ये बी१२ जीवनसत्त्व कमी होतं, फोलेट मात्र पुरेसं. सहा वर्षांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला सर्वांत कमी दाद दिसली ती बी१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या आयांच्या मुलांत. इथे आपला पाठ केलेला धडा परत येतो. विषम कार्बनच्या फॅटी ॲसिडचा शेवटचा तीन कार्बनचा तुकडा क्रेब्ज चक्रात नेताना मिथाइलमॅलोनिल-कोएचं रूपांतर करायला बी१२ लागतं. बी१२ कमी असेल तर हा पदार्थ साचून कार्निटिनचा नाका अडवत असेल आणि चरबी जाळण्याऐवजी साठत असेल, असा एक तर्क याज्ञिक यांच्या गटाने मांडलाय. तो तर्क म्हणूनच वाचा. पण क्नूपचं सम-विषम, मॅकगॅरीचा नाका आणि पुण्याजवळच्या गावातलं ताट एका वाक्यात आणणारा तर्क आहे हा.

पश्चिम रेल्वेवरचा प्रयोग

निरीक्षणातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. पालेभाजी आणि दूध जास्त घेणारं घर इतर बाबतींतही वेगळं असू शकतं. म्हणून पुढचा प्रयोग मुंबईत झाला. ‘सरस’ या नावाने ओळखला गेलेला हा प्रकल्प बालरोगतज्ज्ञ डॉ. रमेश पोतदार यांच्या नेतृत्वाखाली, वांद्र्याच्या ‘सेंटर फॉर द स्टडी ऑफ सोशल चेंज’मधून, मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६पासून चालला. मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या ६,५०० हून जास्त बायका यात होत्या. चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट. एका गटाला पालेभाजी, फळं आणि दूध यांपासून केलेला रोजचा खाऊ, दुसऱ्याला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा, दिसायला तसाच. केंद्रावर येऊन समोर खायचा, गर्भधारणेच्या आधीपासून बाळंतपणापर्यंत.

२०१४ साली निष्कर्ष आले ते सरळ नव्हते. सगळ्या बायका एकत्र धरल्या तर बाळाच्या वजनात ठोस फरक नाही. गरोदर राहण्याआधी किमान तीन महिने खाऊ सुरू झालेल्या बायकांत सरासरी ४८ ग्रॅमची वाढ. आणि फायदा अंगाने भरलेल्या बायकांत जास्त, सर्वांत बारीक बायकांत दिसलाच नाही. ज्यांना सर्वांत जास्त गरज, त्यांनाच उपयोग नाही, हे पचायला जड आहे. पण दुसऱ्या एका निबंधात असंही आलं की गरोदरपणातला मधुमेह पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के होता आणि दुसऱ्या गटात १२.४ टक्के. बाळाचं वजन फारसं हललं नाही, आईची साखर हलली. फक्त वजन मोजून थांबले असते तर प्रयोग ‘फसला’ म्हणून फाइल बंद झाली असती.

संशोधन प्रस्ताव लिहिताना

हा सगळा इतिहास वाचून हाती काय घ्यायचं? मी तीन गोष्टी घेतो.

एक, खूण. आत दिसत नसलेल्या गोष्टीचा माग कसा काढणार, हे प्रस्तावात एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. क्नूपचं बेंझीन, शोएनहायमरचं ड्युटेरियम, वाकील यांच्या कोड्यातला खुणेचा कार्बन. खूण ठरली की प्रश्न अर्धा सुटलेला असतो. खुणेची मर्यादाही तुम्हीच आधी लिहा, परीक्षकाची वाट बघू नका.

दोन, मोजमाप. जे मोजायला सोपं आहे ते आणि जे जाणून घ्यायचंय ते, हे एकच आहे असं धरून चालू नका. वजन म्हणजे चरबी नव्हे, घडी म्हणजे पोटाच्या आतलं नव्हे, रक्तातली पातळी म्हणजे वेग नव्हे. पुण्याच्या टीमने तागडीवर न थांबता टेप आणि कॅलिपर हातात घेतलं, आणि शोध त्यातून निघाला. ही दोन्ही साधनं तुमच्या कॉलेजच्या बजेटमध्येही बसतात.

तीन, माणसं. पुस्तकातला प्रत्येक ‘सामान्य’ आकडा कोणावर तरी मोजलेला असतो. तो कोणावर, कुठे, कधी मोजला, हे विचारणं म्हणजे वाद घालणं नव्हे, तो संशोधनाचाच पहिला टप्पा आहे. भारतीय शरीर जनुकांमुळे असं आहे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या कुपोषणामुळे आहे, की आजच्या बैठ्या कामामुळे, यातला प्रत्येकाचा वाटा किती हे अजून उकलायचंय. पुण्याच्या त्या सहा गावांतली बाळं आता तिशीकडे आलीत आणि त्यांचा माग सुरू आहे. त्यातल्या मुली आता स्वतः आया होतायत. त्यांच्या बाळांबद्दलचे प्रश्न कोणी तरी लिहायचे आहेत, आणि या वर्षी परीक्षेला बसणाऱ्यांपैकी कोणीही ते लिहू शकतं.

पुढच्या लेखात तपकिरी चरबीबद्दल, म्हणजे साठवण्याऐवजी जाळून ऊब देणाऱ्या चरबीबद्दल लिहीन. तोपर्यंत एक गृहपाठ : पंधरा कार्बनच्या फॅटी ॲसिडमधून किती एटीपी मिळतील ते काढा, आणि कोणता दर धरला ते लिहायला विसरू नका.